सुचवलेली मागणी: शून्य

राडोवित्सा, रविवार, २६ जानेवारी

प्रिय नेवेना,

फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. मागच्या दोन रविवारी आपण थंडी, तुझ्या आईचे गुडघे आणि अंड्यांचे भाव एवढ्यावर बोललो आणि फोन ठेवला. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या नोवी सादच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो, तोच मिश्यावाला, जो दर शरदात तुझ्या लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या आणतो. पाकीट जाड आहे, त्याला वाटेल पैसे आहेत. पैसे नाहीत. चष्मा लावून, बसून वाच.

आधी मला कशाकशाची किळस आली आहे ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. त्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची किळस आली आहे. त्यांनी तुझा तोंड अर्धवट उघडं असलेला फोटो छापला आणि वर मथळा दिला, ‘संगणकाने शून्य सांगितलं, गाव गारठलं’. अख्ख्या गावाच्या रेडिएटरांना गरम पाणी पुरवणाऱ्या आमच्या कारखान्याचे डायरेक्टर बोयकोविच, त्यांची किळस आली आहे. ते मफलरने नाक पुसत टीव्हीवर सांगत होते की आम्ही तज्ज्ञांवर विश्वास ठेवला, आमची काय चूक. ज्या माणसाला पंपाचं आणि पाणी तापवायच्या किटलीचं तोंड सारखंच दिसतं, तो आता गावाला विश्वासावर व्याख्यान देतो. आणि सगळ्यांत जास्त शिसारी मला गावकऱ्यांची येते. ते तुझ्याबद्दल वाईट बोलतात, म्हणून नव्हे, ते तर बोलतातच. माझ्याबद्दल चांगलं बोलतात, म्हणून. मी रस्त्याने निघालो की थांबवून सांगतात, तिहोमीर, तू स्टोअरमध्ये असतास तर हे घडलंच नसतं. परवा खाटकाने याच वाक्यासोबत अर्धा किलो धुरावलेल्या बरगड्या फुकट बांधून दिल्या. मी घेतल्या. घरी येऊन कुत्र्यापुढे टाकल्या. कुत्र्याने मिटक्या मारत खाल्ल्या, त्याला काय.

गुरुवारी तुला नगरपालिकेच्या सभागृहात समितीपुढे बसायचं आहे. प्रश्न एकच आहे: सव्वीस महिने तुझ्या प्रोग्रॅमने मोठ्या पंपांच्या सीलसमोर, म्हणजे पाणी गळू न देणाऱ्या त्या कड्यांसमोर, ‘सुचवलेली मागणी: शून्य’ असं का दाखवलं. उत्तर पटलं नाही तर तुझी कंपनी तुला काढून टाकेल आणि हात धुऊन मोकळी होईल. पुन्हा कुठल्या कारखान्याच्या नियोजनाला तुला कोणी हात लावू देणार नाही. हे मला कळतं, पोरी. समितीची कारकून आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते, आणि आपल्या गावात बंद पाकीट फक्त टपालवाल्यासाठी बंद असतं. तिने आईला सांगितलं की तुझं लेखी उत्तर आलं आहे आणि ते एका ओळीचं आहे. ‘वापराचे आकडे तपासण्यात माझी चूक झाली.’ एवढंच. आई ते वाक्य घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी तेव्हा चाकूला धार लावत होतो. लावत राहिलो.

तू प्रोग्रॅम बसवायला आलीस तो दिवस मला रोज आठवतो. नोव्हेंबर होता. जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बसवलं होतं, पुढच्या रांगेत मी, शेवटच्या रांगेत फिटर लोक आणि त्यांत तुझा स्तानोयेकाका. तू पांढरा शर्ट घातला होतास आणि मला बाबा न म्हणता ‘श्री. तिहोमीर’ म्हणालीस तेव्हा सगळे हसले होते. तू फळ्यावर गणित मांडलंस. महिन्याला सरासरी किती लागतं, गुणिले माल यायला किती महिने लागतात. त्यात अडीअडचणीसाठी थोडं जास्तीचं. त्यातून फडताळावर आहे ते वजा, वाटेत आहे ते वजा. उरेल ती सुचवलेली मागणी, दर सोमवारी आपोआप समोर येणार. मी मनात म्हटलं, हिची आई पीठ असंच आणते, फक्त ती त्यासाठी फळा लावत नाही. तीस वर्षं मी काय मागवायचं ते मी ठरवत होतो, आणि आता एक यंत्र मला सुचवणार होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाटलं मला. माझ्याच पोरीने ते आणलं होतं, त्यामुळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग तू खडू खाली ठेवलास आणि जे सांगितलंस ते तुझ्या शब्दांत माझ्या डोक्यात बसलं आहे. म्हणालीस, प्रोग्रॅमला डोळे नाहीत, त्याला फक्त माल दिल्याची चिठ्ठी दिसते, जे चिठ्ठीशिवाय बाहेर गेलं ते त्याच्या लेखी गेलंच नाही. आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलंस:

“बाबा, तुझ्याकडून सगळं चिठ्ठीवरच जातं ना?”

या वेळी ‘श्री. तिहोमीर’ म्हणाली नाहीस. मी उठून उभा राहिलो होतो, आठवतं?

“माझ्या स्टोअरमधून सुईसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाही.”

मागच्या रांगेत स्तानोयेला खोकल्याची उबळ आली. तू मान डोलावलीस आणि वहीत लिहून घेतलंस. तुझा चेहरा असा फुलला होता की डायरेक्टरांनीसुद्धा माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर फेब्रुवारीत तू फोन केलास की तुझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो, एवढे पंप चालू असून सीलचा वापर तीन महिने शून्य, हे काही खरं वाटत नाही. मी तुझ्यावर जवळजवळ ओरडलो. म्हटलं, आमचे पंप नीट राखलेले आहेत, त्या शहाण्याने आयुष्यात कधी पंप बघितला आहे का विचार. तू हसलीस आणि विषय मिटवलास. मला आता कळतं की विषय मिटवताना तू कुठेतरी ‘स्टोअरकीपरने दुजोरा दिला’ असं लिहिलं असणार. तुझ्यासारखी पोर ते लिहिल्याशिवाय राहणार नाही. आणि समितीला पाठवलेल्या उत्तरात ते वाक्य नाही.

आता चोरकपाटाचं सांगतो. रंगाच्या पिंपांमागे भिंतीला एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली माझ्या गळ्यात असायची, क्रूसाच्या शेजारी. देशावरच्या निर्बंधांची वर्षं होती तेव्हा तू पाच वर्षांची असशील. बाहेरून खिळासुद्धा येत नव्हता. मी बारा लिटर प्लमची दारू घेऊन साखर कारखान्यातल्या एका स्टोअरकीपरकडे गेलो आणि सहा सील कोटात शिवून परत आलो. दर सहा महिन्यांनी नवा पक्ष यायचा, नवा डायरेक्टर यायचा, आणि जे दिसेल ते विकून खायचा. म्हणून दिसेल असं काही ठेवायचं नाही, एवढंच मला कळलं. त्या हिवाळ्यांत बेलग्रेडमधले लोक फर्निचर जाळत होते, आणि राडोवित्साचा एक रेडिएटर एक दिवस गार पडला नाही. कुणाला ठाऊकही नव्हतं का. ठाऊक होतं फक्त स्तानोयेला आणि मला. त्याचा मला अजून अभिमान आहे आणि तो मी कुणापुढे खाली ठेवणार नाही.

पण वाईट दिवस गेले तरी कपाट राहिलं. सहा हवी असली की दहा मागवायची, चार आत टाकायची. चिठ्ठीवर तीन सह्या लागतात, फोरमनची, माझी आणि डायरेक्टरची, आणि डायरेक्टर अकराच्या आत नगरपालिकेतून परतत नाहीत. सील गळतं ते सकाळी सातला. स्तानोये यायचा, टेबलावर मूठभर मिरच्या किंवा कॉफीचं पाकीट ठेवायचा, म्हणायचा, तिहा, बघ रे काही आहे का. मी जरा कुरकुर करायचो, नाही म्हणायचो, मग गळ्यातली किल्ली काढायचो. आपल्याकडे सगळं असंच चालतं, ओळखीवर आणि तोंडी. तुला वाटेल कामाची घाई म्हणून. घाई होतीच. पण खरं सांगू का, मला ते मागणं आवडायचं. माणसं माझ्या दारात येऊन मागतात आणि मी आत हात घालून काढून देतो. चिठ्ठीवर दिलं असतं तर ते कंपनीने दिलं असतं. कपाटातून दिलं ते तिहोमीरने दिलं. तुझा प्रोग्रॅम आल्यावर मी हेच दुप्पट केलं. सोमवारी यादी यायची, सीलसमोर शून्य, आणि मी मनात म्हणायचो, बघ, यंत्राला काही कळत नाही, मला कळतं. त्याला कळू कोण देत नव्हतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. डायरेक्टर खूश होते, वापर घटला म्हणून त्यांना कुठल्याशा परिषदेत बोलावून फलक दिला.

गेल्या मे महिन्यात मला निवृत्तीचा निरोप दिला तेव्हा तू केक घेऊन आली होतीस. बोयकोविचनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषण केलं. म्हणाले, आता तिहोमीरच्या किल्लीची गरज उरली नाही, आता आपल्याकडे प्रोग्रॅम आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. तू कौतुकाने वाजवल्यास, मला माहीत आहे, पण त्या क्षणी मला फक्त तुझे हात दिसले. बत्तीस वर्षांच्या नोकरीवर घड्याळ मिळालं, तेही प्लास्टिकचं, आणि माझ्या जागी माणूससुद्धा घ्यायचा नाही, किल्ल्या वॉचमनकडे. दुपारी सगळे केक खात होते तेव्हा मी स्टोअर आवरायला गेलो. तासाभराने मी ट्रेलर जोडून घरी आलो. ट्रेलरमध्ये मिरच्यांची रोपं होती, घड्याळ होतं आणि रोपांखाली एक पोतं होतं.

नऊ जानेवारीला सकाळी सातला मोठ्या पंपाचं सील फुटलं. दुसरा मोठा पंप आधीच गळत होता, भार आल्यावर दुपारपर्यंत तोही बसला. बाहेर उणे सोळा. प्रोग्रॅममध्ये बघितलं तर फडताळावर तीन सील, म्हणून सगळे निवांत. वॉचमनने तीन खोकी आणून दिली. उघडली तर तिन्हींत झिजलेली, भंगारातली सीलं. कुणी म्हणालं सील बनवणाऱ्या इटलीवाल्यांनी फसवलं. कुणी म्हणालं, खोकी नाही का कुणी उघडून बघितली इतक्या वर्षांत. नाही बघितली. दर डिसेंबरला मोजणीची समिती येते, खोकी मोजते, कॉफी पिते आणि सही करून जाते. आता नवीन सील इटलीतून यायला सहा दिवस लागणार होते, तेही तातडीने आणवून. हे सगळं तू वाचलंच आहेस. वर्तमानपत्राने ते सरळ तुझ्या शून्याला जोडलं.

तू वाचलं नाहीस ते असं की मी त्या सहा दिवसांत घरात मोजे घालून लाकडाच्या शेगडीजवळ बसलो होतो. सात नंबरच्या इमारतीचे पाइप फुटले, म्हाताऱ्यांना शाळेच्या जिममध्ये गाद्या टाकून झोपवलं, इस्पितळातल्या गरोदर बायकांना दुसऱ्या गावी हलवलं. तुझ्या आईने दोन कुटुंबं आपल्याकडे आणली. नऊ माणसं आमच्या स्वयंपाकघरात. त्यांना रोज कोबी घालून सूप, कारण गॅरेजमध्ये आंबवलेल्या कोबीचं पिंप भरलेलं होतं. आणि जेवताना सगळे म्हणायचे, श्री. तिहोमीर, तुम्ही असतात तर. मी त्यांना सूप वाढत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला कळसा काखेत आहे हे माहीत नसतं. मला माहीत होतं. पिंपामागे, तेलकट कागदात गुंडाळलेली, सात सीलं. चार कपाटातली. तीन त्या खोक्यांतली. निरोपाच्या दुपारी मी खोकी उघडली, चांगली काढली, भंगाराच्या डब्यातली झिजलेली भरली आणि झाकणं लावली. मोजणीला खोकी तीन भरावीत, एवढी काळजी घेतली. हे माझ्या हातांनी केलं. आत्ता लिहितानाही मला त्या हातांची घाण वाटते.

दहा तारखेला दुपारी स्तानोये आला. मी फाटकाशी गेलो. रस्त्याच्या पलीकडे डायरेक्टरांची गाडी उभी होती, इंजिन चालू, काचा वर. बोयकोविच आत बसलेले, फोनवर. स्तानोयेच्या भुवयांवर बर्फ होता. तो म्हणाला:

“तिहा, तुझ्याकडे काही उरलंय का? मी कुठून आलं विचारणार नाही.”

नेवेना, मला दोन पावलं टाकून गॅरेजचं दार उघडायचं होतं, बस. पण मी त्या काचेकडे बघत होतो. काच खाली व्हावी, असं मला वाटत होतं. बोयकोविचनी उतरावं, बर्फात उभं राहावं आणि म्हणावं, तिहोमीर, तुमच्या किल्लीची गरज आहे. एवढंच हवं होतं मला. काच खाली झाली नाही.

मी म्हणालो, “नाही.”

तो वळला आणि गेला. रात्री हा शब्द परत घेईन असं वाटलं होतं, सकाळी वाटलं जेवल्यावर जाईन. अकरा तारखेला स्तानोयेने दोराच्या पॅकिंगने जुनं सील दाबून बसवायचा प्रयत्न केला, जसं आम्ही एकेकाळी करायचो. दाब चढला, दोर निसटला आणि उकळतं पाणी त्याच्या दोन्ही हातांवर आलं, कोपरापर्यंत. त्याच्या किंकाळीचं सगळे सांगतात, मी ऐकली नाही, मी घरी होतो. बारा तारखेला मी पोतं घेऊन फाटकापर्यंत गेलो. तिथे उभा राहून विचार केला की आता दिलं तर विचारतील काल का नाही. आणि परत आलो. काल का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून गाव आणखी तीन दिवस थंडीत राहिलं. पुढे पंधराला इटलीचा ट्रक आला आणि पाइप गरम झाले. मी शेगडीतलं लाकूड सारखं करत बसलो होतो.

आई एकोणीसला गॅरेजमध्ये गेली, दुसऱ्या दिवशी घरच्या संताचा दिवस म्हणून भात-खिमा गुंडाळून सार्मा करायला कोबीची पानं आणायला. खालची पानं चांगली असतात म्हणून तिने पिंप पुढे ओढलं. आत आली तेव्हा तिच्या एका हातात कोबी होता आणि दुसऱ्या हातात ते पोतं. तिने पोतं माझ्या ताटात ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही. हात धुतले, दोनदा धुतले, आणि म्हणाली, “समितीच्या आधी तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी चौकात सांगेन.” त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंही बोललेली नाही. गुडघे बरे आहेत, असं ती तुला फोनवर सांगते ते खोटं आहे, एवढं मात्र मला सांगू दे.

संताच्या दिवशी आपण कुणाला बोलावत नाही, येणारा येतो, हे तुला सांगायला नको. मला वाटलं स्तानोये यंदा येणार नाही. वाटलं म्हणजे मी तशी प्रार्थना केली. तो पहिला आला. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. टोपी काढता येईना, आईने काढली. संताच्या नावाची भाकर गोल फिरवायची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे तो माझ्यासमोर उभा राहिला. तीस वर्षं ती भाकर मी एका बाजूने धरतो आणि तो दुसऱ्या बाजूने. त्याने बोटांऐवजी पट्ट्या खाली घातल्या आणि आम्ही ती फिरवली. त्याला दुखत होतं, तोंडावर दिसत होतं. मग जेवताना त्याला ग्लास धरता येईना, तो मी त्याच्या ओठांशी धरला. एक घोट घेऊन तो माझ्या कानाशी वाकला. आजूबाजूला सगळे मोठ्याने बोलत होते, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

“मी फाटकाशी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंसच नाहीस. गाडीकडे बघत होतास. मी समितीला काही सांगितलेलं नाही. नेवेनानेही नाही. आता तुझं तू बघ.”

आणि त्याने पुन्हा तोंड उघडलं, मी उरलेला घोट पाजला. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कपाट त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तुलाही त्या फेब्रुवारीत नसलं तरी आता नक्की ठाऊक आहे, तू गणिताची पोर आहेस, तुला शून्य कुठून आलं ते शोधायला किती वेळ लागणार. तरी तू एका ओळीत सगळं स्वतःवर घेतलंस. तुला वाटलं असेल, म्हातारा आहे, गावात मान आहे, राहू दे. नको, पोरी. मला त्या मानाची ओकारी येते. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजत बसलो, डायरेक्टरांचं, नव्या पक्षांचं, तुझ्या बिनडोळ्यांच्या यंत्राचं. तू मला वाचवलंस याचा मला राग येतो, आणि तुला वाचवायची वेळ माझ्यावर आली असताना मी सूप वाढत होतो, याची लाज वाटते. माफी मी इथे मागत नाही. ती पत्रात मागायची गोष्ट नव्हे.

पाकिटात नऊ चिठ्ठ्या आहेत. कोऱ्या चिठ्ठ्यांचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं, तेवढी चोरी या वेळी कामाला आली. प्रोग्रॅम आल्यापासून मी जाईपर्यंतच्या अठरा महिन्यांत आपल्या पंपांना नऊ सीलं कपाटातून लागली. परवा स्तानोये तोंडी सांगत गेला आणि मी लिहीत गेलो, त्याला प्रत्येकाची तारीख आठवते. देणाऱ्याच्या जागी माझी सही आहे, घेणाऱ्याच्या जागी त्याने पट्टीतून बाहेर आलेल्या अंगठ्याचा ठसा दिला आहे. हे तुझ्या प्रोग्रॅममध्ये घाल. मी काल स्वयंपाकघराच्या टेबलावर पेन्सिलीने करून बघितलं. नऊला अठराने भागायचं, महिन्याला अर्धं. माल यायला नेहमीच्या वाटेने चार महिने, म्हणजे दोन. हिवाळ्याची अडचण म्हणून तू फळ्यावर तीन सांगितली होतीस. फडताळावर शून्य धरायचं, तीन धरायचं नाही. पाच आलं. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा पाच. तुझं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. गुरुवारी तुझ्या उत्तरात ते वाक्य परत घाल, ‘स्टोअरकीपरने दुजोरा दिला’, आणि पुढे माझं पूर्ण नाव लिही. समिती नऊला बसते. मी पोतं घेऊन साडेआठला दारात असेन, आईनेही तिचा कोट काढून ठेवला आहे, ती बरोबर येईल. तू दहाच्या आत येऊ नकोस, तोवर माझं सांगून झालेलं असेल.

तुझाच,
बाबा